ठोके ऐकणार कोण?

ऑगस्ट २०१७ या एका महिन्यात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या विशेष कक्षात ५५ बालके दगावली. वृत्तपत्रांनी बातमी लावून धरली, मंत्र्यांची भेट झाली, खुलासे निघाले. त्या दिवसांतील सारी चर्चा फिरली ती पेट्यांभोवती. अर्भकांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या होत्या, एका पेटीत एकाहून अधिक बालके ठेवावी लागत होती, अनेक बालके अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची होती, काही तर खाजगी इस्पितळांतून अखेरच्या घटकेस पाठविलेली होती. यातले काहीही खोटे नव्हते. परंतु पेटीत येण्यापूर्वीचे दहा-बारा तास, म्हणजे आईला कळा सुरू झाल्यापासून मूल बाहेर येईपर्यंतचा काळ, या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. नवजात बालकांच्या मृत्यूची जी तीन मोठी कारणे सांगितली जातात त्यांत अपुरे दिवस आणि जंतुसंसर्ग यांच्या जोडीला जन्मताना गुदमरणे हे तिसरे कारण आहे; आणि ते कारण पेटीत नव्हे, प्रसूतीच्या टेबलावर घडते.

जे मूल कळांच्या दरम्यान पोटातच दगावते ते तर पेटीपर्यंत येतही नाही. त्याला नाव नसते, बारसे नसते. नोंदवहीत ‘मृतजन्म’ असा एक शब्द पडतो आणि घरची माणसे नशिबाला बोल लावून आईला घरी नेतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी केलेल्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे १९ लाखांहून अधिक मृतजन्म झाले, त्यांपैकी सुमारे ३ लाख ४० हजार एकट्या भारतात. जगातील मृतजन्मांपैकी ४० टक्क्यांहून अधिक प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यानंतरचे आहेत. याचा अर्थ असा की, आई रुग्णालयाच्या दारी पोचली तेव्हा यांतील पुष्कळशी मुले जिवंत होती.

हे मरण कसे येते हे समजावून घेण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. प्रत्येक कळेबरोबर गर्भाशय आवळते आणि वारेतून मुलाकडे जाणारा रक्तप्रवाह तेवढ्यापुरता मंदावतो. कळ ओसरली की तो पूर्ववत होतो. निरोगी मूल हा ताण सहज सोसते. त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० या मर्यादेत राहतात. परंतु कळा फार लांबल्या, फार जवळजवळ येऊ लागल्या, नाळ दबली किंवा वारच आधीपासून अशक्त असली तर मुलाला प्राणवायू पुरत नाही. अशा वेळी कळ संपल्यानंतरही ठोके मंदावलेलेच राहतात. ही त्या मुलाची एकमेव हाक. ती ऐकू येण्यासाठी कोणीतरी नेमक्या त्या क्षणी, कळ ओसरताना, पूर्ण मिनिटभर कान लावून बसलेले असावे लागते. एक तास आधी ऐकलेले किंवा एक तासानंतर ऐकलेले ठोके या कामी निरुपयोगी असतात.

ही हाक ऐकण्याची साधने दोनशे वर्षांची आहेत. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच वैद्याने स्टेथोस्कोप काढला, आणि त्यानंतर पाचसहा वर्षांतच त्याच्या देशबांधवाने, केर्गारादेक याने, पोटावर नळी लावून गर्भाचे ठोके ऐकू येतात असे जाहीर केले. १८९५ च्या सुमारास पिनार याने बनविलेला लहानसा कर्णा जगभरच्या सुइणींच्या हाती गेला. आपल्याकडील प्रसूतिकक्षांत तो ‘फीटोस्कोप’ या नावाने ओळखला जातो आणि काही शे रुपयांत मिळतो. त्यानंतर आला ध्वनिलहरींवर चालणारा डॉपलर. मुठीत मावणारे हे यंत्र ठोके मोठ्याने ऐकविते, त्यामुळे नर्सबरोबर आईलाही ते ऐकू येतात. याची किंमत काही हजारांत असते. शेवटी आला पोटाला पट्टे बांधून ठोके आणि कळा यांचा अखंड आलेख कागदावर काढणारा सीटीजी. १९५८ साली अमेरिकेत एडवर्ड हॉन यांनी या पद्धतीचा पाया घातला, त्याच सुमारास उरुग्वेत काल्देरो-बार्सिया आणि जर्मनीत हामाखर याच दिशेने काम करीत होते, आणि १९६८ मध्ये ही यंत्रे बाजारात आली.

बाजारात आली आणि बाजाराने उचलली, असेच म्हणावे लागते. अमेरिकेत १९८० साली सुमारे ४५ टक्के बाळंतपणांत हे यंत्र वापरले जाई. २००२ साली ते प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. १९७० मध्ये तेथे शंभरात साडेपाच बायकांची सिझेरियन होत असे, पुढे ते प्रमाण ३२ वर पोचले. वाढीला इतरही कारणे होती, परंतु यंत्राचा वाटा नाकारता येत नाही. डब्लिनच्या प्रसूती रुग्णालयात सुमारे १३,००० स्त्रियांवर केलेल्या आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अखंड आलेख आणि ठराविक अंतराने कानाने ऐकणे या दोन पद्धतींची तुलना झाली. यंत्राच्या गटात नवजातांना येणारे झटके कमी झाले, हा लाभ खरा. परंतु मृत्यूंत फरक पडला नाही, आणि चार वर्षांनी तीच मुले तपासली तेव्हा मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाणही दोन्ही गटांत सारखेच निघाले. नंतर अशा तेरा चाचण्यांतील ३७,००० हून अधिक स्त्रियांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्याचाही निष्कर्ष तोच: झटके निम्म्यावर, मृत्यू तेवढेच, आणि सिझेरियन दीडपटीहून अधिक. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितले की, ज्या निरोगी स्त्रीला आपोआप कळा सुरू झाल्या आहेत तिला अखंड आलेखाच्या यंत्राला बांधू नये. डॉपलरने किंवा कर्ण्याने ठराविक वेळाने ठोके ऐकावेत.

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक सोपा निष्कर्ष तयार होईल: यंत्र ही भांडवलदारी चैन आहे, साधा कर्णा पुरेसा आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो काढण्याची घाई करणाऱ्यांनी डब्लिनच्या चाचणीतील एक तपशील वाचलेला नसतो. त्या रुग्णालयात कळा देणाऱ्या प्रत्येक स्त्रीजवळ तिची स्वतःची एक परिचारिका सतत बसलेली असे. तेव्हा तुलना झाली ती यंत्र आणि कर्णा यांची नव्हे, यंत्रासह माणूस आणि यंत्राविना माणूस यांची. माणूस दोन्हीकडे होता. आपल्याकडे प्रश्न उभा राहतो तो नेमका येथेच.

हिशेब अगदी साधा आहे. आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे कळांच्या पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि मूल बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचे. पोटावर हात ठेवून कळ ओळखणे, ती ओसरेपर्यंत थांबणे, मिनिटभर ऐकणे, आकडा लिहिणे आणि बाईशी दोन शब्द बोलणे यांत पाच मिनिटे सहज जातात. एका परिचारिकेकडे चार बायका असतील तर दर अर्ध्या तासातील वीस मिनिटे निव्वळ ऐकण्यात गेली. त्यांतली एक शेवटच्या टप्प्यात पोचली की ती परिचारिका पूर्णपणे तिचीच झाली आणि उरलेल्या तिघींचे ऐकणारे कोणी राहिले नाही. शिवाय रक्तदाब घेणे, सलाइन बदलणे, नुकतीच बाळंत झालेलीचा रक्तस्राव पाहणे, नोंदवही, ऑनलाइन माहिती भरणे आणि दाराशी जमलेल्या नातेवाइकांना तोंड देणे ही कामे आहेतच. ज्या रात्रपाळीत एकीकडे चाराऐवजी सहा बायका असतात त्या रात्री ठोके ऐकले जात नाहीत. ते फक्त लिहिले जातात. प्रसूतीची प्रगती दाखविणारा पार्टोग्राफ हा आलेख १९७२ साली ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी रूढ केला तो अशासाठी की, धोक्याची रेषा ओलांडताच बाईला मोठ्या रुग्णालयात हलवावे. आपल्याकडे तो पुष्कळदा बाळंतपण उरकल्यानंतर, फाइल पुरी करण्यासाठी भरला जातो. त्याचा दोष त्या परिचारिकेच्या माथी मारणे सोपे आहे, आणि चौकशी समित्या तो नेहमी तिच्याच माथी मारतात.

ज्या देशात पार्टोग्राफ जन्मला त्याच देशात, झिंबाब्वे झालेल्या ऱ्होडेशियातील हरारे शहरात, पुढे एक चाचणी झाली. ती १९९४ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या परिचारिकेने, तिच्या नेहमीच्या कामाच्या धबडग्यात, कर्ण्याने ऐकले तेव्हा शंभरांपैकी ९ स्त्रियांत ठोक्यांचा बिघाड लक्षात आला. तोच कर्णा, तेच रुग्णालय; परंतु केवळ ऐकण्यासाठी नेमलेल्या परिचारिकेने ऐकले तेव्हा १५ जणींत. डॉपलरने ऐकले तेव्हा ३२ जणींत, आणि अधूनमधून लावलेल्या आलेखयंत्राने ५४ जणींत. शस्त्रक्रियाही यंत्राबरोबर वाढल्या. पण मुलांची अवस्था डॉपलरच्या गटात चांगली राहिली. या आकड्यांत दोन गोष्टी एकदम दिसतात. उसंत मिळाली तर त्याच साध्या कर्ण्याची शक्ती दीडपटीहून वाढते. आणि माफक किमतीचे चांगले साधन हाती दिले तर ती आणखी दुप्पट होते. म्हणजे परिचारिकेला वेळही हवा आणि साधनही हवे. एकाच्या नावाखाली दुसरे नाकारणे ही लबाडी आहे.

आता नाशिक जिल्ह्याकडे पाहावे. शहरात, गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत, खाजगी प्रसूतिगृहांची दाटी आहे आणि आलेखाचे यंत्र बहुतेकांकडे आहे. कागदाची पट्टी सरकत राहते, तिच्यावर एखादा खळगा उमटतो आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला सांगितले जाते, “ठोके कमी होताहेत, निर्णय लवकर घ्या.” पट्टी त्याला वाचता येत नाही. तो सही करतो. ती शस्त्रक्रिया कित्येकदा खरोखरच आवश्यक असते. परंतु केव्हा होती आणि केव्हा नव्हती हे पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ किंवा समाजाजवळ नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के मुले सिझेरियनने जन्मली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण २०.१ टक्के होते. देशपातळीवर सरकारी रुग्णालयांत १४.३ आणि खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. बाईचे शरीर सरकारी दारातून आत गेले की एका प्रकारचे आणि खाजगी दारातून गेले की दुसऱ्या प्रकारचे होते, असे वैद्यकशास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. अडलेल्या बाळंतिणी सरकारी दवाखान्यातून खाजगीत जातात हे मान्य केले तरी तिपटीहून अधिक अंतर त्याने भरून निघत नाही. नैसर्गिक बाळंतपणाला दहा-बारा तास लागतात, सिझेरियनला तासभर. पहिल्याचे बिल थोडे, दुसऱ्याचे कितीतरी पट. डॉक्टर कितीही सज्जन असला तरी कर्जावर उभे राहिलेले इस्पितळ त्याला कोणत्या बाजूला ढकलते हे उघड आहे. त्यात खटल्याची भीती असते, आणि न्यायालयात पट्टीचा कागद साक्ष देतो, कानाने ऐकलेले ठोके देत नाहीत.

आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे आदिवासी तालुके आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत रक्ताळलेल्या पावलांनी चालत गेलेल्या स्त्रियांत याच डोंगरांतल्या कोकणा, महादेव कोळी आणि वारली स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. शहराने तेव्हा त्यांना पाणी आणि चपला दिल्या, हे शहराला भूषणास्पदच होते. सुरगाण्याच्या पाड्यावरून निघालेली बाई आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथून ग्रामीण रुग्णालयात, तेथून कळवणला किंवा थेट नाशिकला येते. सुरगाणा ते नाशिक हे अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटरचे आहे, वाटेत घाट आहेत आणि पावसाळ्यात त्या घाटांचा भरवसा नसतो. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आल्या ही मोठीच सोय झाली. परंतु त्या प्रवासात मुलाचे ठोके कोण ऐकते? ज्या केंद्रातून बाई निघाली तेथे शेवटचे ठोके केव्हा ऐकले, किती होते, हे तिच्याबरोबरच्या चिठ्ठीवर असते काय? आणि समजा केंद्रातील परिचारिकेने वेळेवर ऐकले, बिघाड ओळखला. तर पुढच्या तासाभरात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि रक्त यांपैकी काय तिच्या आवाक्यात आहे? नुसती हाक ऐकून मूल वाचत नाही.

तेव्हा एकाच जिल्ह्यात एकीकडे गरजेपेक्षा अधिक ऐकले जाते आणि दुसरीकडे ऐकलेच जात नाही. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एक आहे. दोन्हीकडे कळा देणाऱ्या बाईजवळ बसणाऱ्या माणसाच्या वेळेला किंमत नाही. खाजगी मालक त्या वेळेऐवजी यंत्र बसवितो, कारण यंत्र बिलात दाखविता येते. सरकारही यंत्रच घेते, त्याचे कारण अंदाजपत्रकात दडलेले आहे. यंत्राची खरेदी हा भांडवली खर्च आहे: एकदाच करायचा, त्याला निविदा असते, पुरवठादार असतो, फीत कापण्याचा समारंभ असतो. परिचारिकेचा पगार, आलेखाचा कागद, डॉपलरचे जेल, बॅटरी आणि दुरुस्ती हा महसुली खर्च: दरमहा, दरवर्षी, कोणाच्याही नावाची पाटी न लावता करावा लागणारा. काटकसरीची कुऱ्हाड नेहमी यावरच पडते. कागदाचा रोल संपला म्हणून किंवा पट्ट्याची वायर तुटली म्हणून कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेले यंत्र ज्यांनी सरकारी रुग्णालयात पाहिले नाही असा कार्यकर्ता विरळा. केंद्र सरकारने २०१५ च्या सुमारास सरकारी आरोग्य संस्थांतील उपकरणांची मोजदाद केली. २९,००० हून अधिक संस्थांतील साडेसात लाखांवर उपकरणे मोजली गेली, आणि निरनिराळ्या राज्यांत त्यांतील १३ ते ३४ टक्के बंद अवस्थेत आढळली. या उपकरणांची एकूण किंमत साडेचार हजार कोटींच्या घरात होती. म्हणजे जनतेच्या कित्येक शे कोटी रुपयांची यंत्रे धूळ खात पडली होती.

देखभालीची हेळसांड किती महाग पडते हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन रुग्णांचा पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ माणसे तडफडून मेली. टाकी नवी होती. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा अर्भके गेली. दोन्ही ठिकाणी यंत्रे होती.

राज्यातील खरेदीची कथाही याहून वेगळी नाही. २०१७ मध्ये औषधे आणि उपकरणे खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे एकवटण्यात आले, दिरंगाईच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे लागले. या सहा वर्षांत मागणीपत्रे कोणत्या टेबलांवर पडून होती याचा हिशेब मात्र विधिमंडळात कोणी सविस्तर मागितला नाही. देशाचा सरकारी आरोग्यखर्च २०२१-२२ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने तो २०२५ पर्यंत अडीच टक्के करण्याचे वचन दिले होते. दरम्यान आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना २०२३ आणि २०२५ मध्ये राज्यभर काम बंद करून रस्त्यावर यावे लागले. त्यांची मुख्य मागणी सेवेत कायम करण्याची होती. प्रसूतिकक्षात रात्री जागणाऱ्या परिचारिकांपैकी किती जणी या कंत्राटी वर्गातल्या आहेत हे ज्याने पाहिले आहे त्याला ही मागणी निव्वळ नोकरीची वाटणार नाही. अकरा महिन्यांच्या करारावरील मुलीने वरिष्ठ डॉक्टरला मध्यरात्री फोन करून “ठोके बिघडलेत, ताबडतोब या” असे ठणकावून सांगावे, अशी अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो?

उपकरण स्वस्त आहे म्हणून ते हलके नसते याचे उत्तम उदाहरण बेळगाव जिल्ह्याने घालून दिले आहे. बाळंतपणात मुलाइतकेच आईवर लक्ष ठेवावे लागते, आणि आईचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. तो डोळ्यांच्या अंदाजाने नेहमीच कमी धरला जातो. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांच्या मदतीने, खेड्यांतील एएनएम परिचारिकांकरवी १,६२० बाळंतिणींवर एका स्वस्त गोळीची चाचणी घेतली. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. चाचणीसाठी रक्त अचूक मोजायचे म्हणून त्यांनी बाईच्या खाली अंथरायचे एक प्लास्टिकचे कापड तयार केले. त्याला पिशवीसारखा खोलगट भाग होता आणि त्यावर मापाच्या रेषा होत्या. एवढेच ते यंत्र. २०२३ साली आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत, अशाच मापाचे कापड आणि रेषा ओलांडताच एकदम करावयाचे उपचार यांची जोड देण्यात आली, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम ६० टक्क्यांनी घटले. कृष्णेच्या खोऱ्यातील खेड्यांत वापरलेली युक्ती जगाला पटण्यास दीड तप लागले. त्या कापडाला विक्रेता नव्हता, हे त्याचे एक कारण असावे.

आपल्या राज्यातही असेच एक उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडेसे शिकलेल्या खेडुत स्त्रियांना नवजातांची घरोघर काळजी घेण्याचे, गुदमरलेल्या मुलाला श्वास देण्याचे शिक्षण दिले, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. बाईच्या हाती साधन, शिक्षण आणि ते वापरण्याचा अधिकार ही तिन्ही एकत्र दिली तेव्हाच हे घडले. पुढे देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यांना काम दिले, अधिकार थोडा दिला आणि पगाराऐवजी मोबदला दिला, तो भाग निराळा.

बुद्धी आणि कारागिरी यांची नाशिकला वाण नाही. ओझरला लढाऊ विमाने बनविणारा कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. मिगपासून सुखोईपर्यंत साऱ्यांची जुळणी तेथे झाली. सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत विजेची नाजूक उपकरणे तयार होतात. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने, मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरले आणि तरुण अभियंत्यांना सार्वजनिक प्रश्नांवर यंत्रे रचण्याची गोडी लागली. मुंबई आणि बेंगळूर येथील लहान कंपन्यांनी पट्ट्याऐवजी पोटाला चिकटविता येणारी, मोबाइलवर ठोके दाखविणारी देशी यंत्रे बाजारात आणलीही आहेत. असे असूनही देशाला लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के परदेशातून येतात. लढाऊ विमान जुळविणाऱ्या जिल्ह्याला डॉपलर जमत नाही असे नाही. त्याची घाऊक मागणी नोंदविणारा खरेदीदार, म्हणजे शासन, उभा राहत नाही. परंतु येथेही एक सावधगिरी हवी. मोबाइलवर ठोके दूर बसलेल्या तज्ज्ञाला दिसतील, म्हणून केंद्रात परिचारिका कमी चालतील, असा युक्तिवाद आज ना उद्या मंत्रालयातून येणारच. तज्ज्ञाला दिसले तरी बाईला डाव्या कुशीवर वळविणारा, कळा वाढविणारे औषध तत्काळ थांबविणारा आणि गाडी बोलावणारा हात खोलीतच असावा लागतो.

केंद्राने २०१७ च्या अखेरीस ‘लक्ष्य’ हा प्रसूतिकक्ष सुधारण्याचा कार्यक्रम सुरू केला, २०१८ मध्ये सुईणविद्येत अठरा महिन्यांचे खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची नवी श्रेणी निर्माण करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि प्रसूतीच्या वेळी सोबतीला घरची एक स्त्री असावी हेही तत्त्वतः मानले. राज्यातील वैद्यकीय आणि परिचर्या शिक्षणाच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकातच म्हसरूळला आहे. कागद पुरेसे आहेत. महाराष्ट्राचा माता मृत्युदर २०१८ ते २०२० या काळात लाखामागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७, ९४.७ टक्के बाळंतपणे संस्थांत होऊ लागली. ही कमाई हजारो परिचारिकांची आणि आशांची आहे, ती नाकारणारा टीकाकार विश्वासार्ह ठरणार नाही. परंतु बायका रुग्णालयात आल्या, आता त्या आल्यावर काय होते हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो सरासरीच्या आकड्यांत दिसत नाही.

कार्यकर्त्यांनी तो दिसेल असे करावयाचे आहे. प्राथमिक केंद्रे जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरातील प्रसूतिगृहे महापालिकेकडे अशी वाटणी असल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. तेव्हा माहितीचे अर्ज तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी जावेत. विचारावयाचे ते थोडकेच. रात्रपाळीत प्रसूतिकक्षात किती परिचारिका असतात आणि किती बायका? चालू स्थितीतील डॉपलर किती, बंद किती, बंद केव्हापासून? गेल्या वर्षी मृतजन्म किती झाले, आणि त्यांपैकी कातडी सोललेली, म्हणजे पोटात आधीच दगावलेली मुले किती आणि ताजी, म्हणजे कळांच्या काळात दगावलेली किती? हा शेवटचा भेद जाणकार परिचारिका पाहताक्षणी ओळखते आणि नोंदवहीत त्यासाठी रकाना असावा लागतो. ताज्या मृतजन्मांचा आकडा म्हणजे कान नसलेल्या प्रसूतिकक्षाचा आकडा. त्याच्या शेजारी, आल्यावेळी ठोके ऐकू येत होते काय, या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असावे. खाजगी प्रसूतिगृहांनीही दरमहा किती बाळंतपणे आणि किती सिझेरियन झाली हे दर्शनी भागी लावावे, ही मागणी महापालिकेकडे करता येण्यासारखी आहे.

प्राथमिक केंद्रांत रुग्ण कल्याण समित्या आहेत, त्यांच्या हाती थोडा निधी असतो, तो बहुधा रंगरंगोटीत जातो. जेल, बॅटरी आणि कागदाचा रोल त्यातून घेता येतो. पेठ किंवा सुरगाण्याच्या एखाद्या केंद्रात समितीच्या पुढील बैठकीस जाऊन प्रसूतिकक्षातील डॉपलर मागवून घ्यावा आणि तो सर्वांसमक्ष सुरू करून पाहावा. तो चालू झाला तर परिचारिकेला विचारावे की, गेल्या आठवड्यात त्यासाठी तिला वेळ मिळाला का. आणि ती काय सांगते ते, अधिकारी बाहेर गेल्यावर, पुन्हा एकदा ऐकावे.